कार्पेट काढून लाकडी फरशी : भाव एक, खर्च दुसरा

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या भागांतील आपल्या घरांत सध्या एक काम वारंवार निघते. एकेकाळी हौसेने भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवून घेतलेले कार्पेट उचलायचे आणि त्या जागी लाकडी फरशी, म्हणजे बाजारात ज्याला सर्रास 'वुडन फ्लोअरिंग' म्हणतात, ती घालायची. त्यामागची कारणे खरी आहेत. कार्पेटमध्ये धूळ बसते, ती झाडूने निघत नाही. पावसाळ्यात कुबट वास येतो. धुळीतले सूक्ष्म किडे दमट हवेत वाढतात आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास होतो. म्हणून घरात दमेकरी असेल तर डॉक्टरही कार्पेट काढायला सांगतात. चहाचा, सालनाचा एक डाग पडला की तो कार्पेटबरोबरच जातो. तेव्हा काढायचे ठरवले, यात काही चूक नाही.

चूक पुढे होते. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो, "चौरस फुटाचा भाव काय?" उत्तर मिळते, "एकशेवीस." घरी येऊन आपण खोलीचे माप त्या आकड्याने गुणतो आणि तेवढी रक्कम बाजूला काढतो. काम संपेपर्यंत रक्कम जवळजवळ दुप्पट झालेली असते. मग गिऱ्हाईक म्हणते मिस्त्रीने फसवले, मिस्त्री म्हणतो गिऱ्हाइकाने मजुरी बुडवली आणि दुकानदार म्हणतो मी तर आधीच भाव सांगितला होता. तिघांचेही थोडेथोडे खरे असते. तिघांनी मिळून एक गोष्ट मात्र केलेली नसते, ती म्हणजे पुरा हिशेब कागदावर उतरवणे.

मी कापडाचा व्यापारी. आमच्या धंद्यात मीटरचा भाव आणि शेरवानीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लहान मुलालाही कळते. कापडाला अस्तर लागते, कॅनव्हास लागतो, बटणे लागतात, शिलाई द्यावी लागते, आणि कोरे कापड पाण्यात आटते ते वेगळेच. फरशीच्या बाबतीत मात्र हीच माणसे एका आकड्यावर विश्वास ठेवतात. म्हणून हा लेख. यात नुकसान फक्त गिऱ्हाइकाचे नाही. आपल्या समाजातील कितीतरी मुले सुतारकाम आणि फिटिंगच्या धंद्यात आहेत. अर्धवट सांगितलेल्या भावाचा मार शेवटी त्यांच्या मजुरीवर बसतो.

नाव लाकडाचे, माल कशाचा?

पहिली गोष्ट मालाच्या नावाची. 'वुडन' या एका शब्दाखाली बाजारात निदान चार प्रकारचा माल विकला जातो.

पहिला, सबंध लाकडाची पट्टी. सागवान किंवा दुसरे टणक लाकूड, जाडी साधारण १८ ते २० मिलिमीटर. ही पट्टी अनेकदा घासून पुन्हा पॉलिश करता येते. दुसरा, इंजिनिअर्ड पट्टी. खाली प्लायवुड आणि वर खऱ्या लाकडाचा दोन ते सहा मिलिमीटरचा थर. वरचा थर जाड असेल तर ही एकदोनदा घासता येते. तिसरा, लॅमिनेट. यात लाकडाचा भुगा दाबून बनवलेला घट्ट फळा असतो, त्यावर लाकडाच्या चित्राचा कागद आणि त्यावर राळेचा पारदर्शक टणक थर. हा माल स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने १९७७ साली काढला आणि 'पर्गो' या नावाने विकला. खिळा, सरस काही न लावता एकात एक अडकणाऱ्या पट्ट्या १९९६-९७ च्या सुमारास आल्या. आपल्याकडच्या घरांत 'वुडन' म्हणून जे सर्वांत जास्त घातले जाते ते हेच लॅमिनेट. चौथा प्रकार एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांची पट्टी. यात लाकूड नावालाही नाही, पण पाण्याला ही पट्टी दाद देत नाही.

चारही माल आपापल्या जागी चांगले आहेत. पण लॅमिनेट घासता येत नाही. त्यावर खोल ओरखडा गेला तर ती पट्टीच बदलावी लागते. ही गोष्ट विकताना सांगितली नाही तर तो मालातला ऐब लपवणे झाले. आम्ही टेरिकॉट सुती म्हणून विकले तर गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. फरशीच्या व्यापाऱ्यानेही बिलावर मालाचे खरे नाव, जाडी आणि दर्जा लिहावा. लॅमिनेटचा दर्जा झिजेच्या क्रमांकाने सांगतात, एसी १ ते एसी ६. घरासाठी एसी ३ पुरते, जास्त वर्दळ असेल किंवा दुकान असेल तर एसी ४ घ्यावे. फळ्यातील राळेतून निघणाऱ्या फॉर्मलडिहाइड वायूचे प्रमाण कमी असल्याची खूण म्हणजे ई १. खोक्यावर या दोन खुणा नसतील तर स्वस्त भावाकडे संशयाने पाहावे.

कागदावर उतरवलेला हिशेब

आता आकड्यांकडे येऊ. एका घरात १५ बाय १२ फुटांचा हॉल आणि १२ बाय १० फुटांची खोली आहे असे धरा. म्हणजे १८० आणि १२० मिळून ३०० चौरस फूट. खालचे भाव हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, त्यांत कर आला असे समजा. आपल्या गावचे भाव घालून प्रत्येकाने हीच यादी पुन्हा करावी. भाव बदलतील, यादी बदलणार नाही.

१) पट्ट्या : ३०० चौरस फुटांवर कापाकापीची आठ टक्के घट धरली की ३२४. पण माल खोक्याने मिळतो. खोक्यात २० चौरस फूट असतील तर १७ खोकी, म्हणजे ३४० चौरस फूट. १२० रुपयांनी ४०,८०० रुपये.

२) खाली अंथरायचा फोम आणि ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद : ३०० चौरस फूट, १० रुपयांनी ३,००० रुपये.

३) भिंतीच्या कडेची स्कर्टिंग पट्टी : दोन्ही खोल्यांचा घेर ५४ आणि ४४ मिळून ९८ फूट. दारांची जागा वजा करून ९० फूट धरा. ८० रुपये रनिंग फुटाने ७,२०० रुपये.

४) उंबऱ्याशी लागणाऱ्या प्रोफाइल पट्ट्या : चार दारे, तीन-तीन फूट, १२ फूट. १२० रुपयांनी १,४४० रुपये.

५) पट्ट्या घालण्याची मजुरी : २० रुपयांनी ६,००० रुपये.

६) जुने कार्पेट उचलणे, खालचे वाळलेले सोल्युशन खरवडणे आणि तो माल टाकून येणे : ४,००० रुपये.

७) खड्डे भरून जमीन सपाट करणे : १०० चौरस फुटांपुरतेच, ४५ रुपयांनी ४,५०० रुपये.

८) दारे खालून तासणे : चार दारे, ३०० रुपयांनी १,२०० रुपये.

९) सामान हलवणे, माल वर चढवणे, गाडीभाडे : ३,००० रुपये.

एकूण ७१,१४० रुपये. दुकानात ऐकलेल्या भावाने ३०० गुणिले १२० म्हणजे ३६,००० रुपये होत होते. खरा खर्च चौरस फुटाला १२० नसून सुमारे २३७ रुपये पडला. यात कोणी कोणाला लुबाडले नाही. नऊ रकान्यांपैकी एकच रकाना आधी बोलला गेला, एवढेच.

काही रकान्यांचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण पैसे वाचवण्यासाठी गिऱ्हाईक नेमके तेच रकाने कापते. जमीन सपाट करणे हा त्यातला पहिला. कार्पेट मऊ असते, खालचा उंचसखलपणा ते पोटात घेते. पट्टी तसे करत नाही. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी जमिनीवर ठेवून पाहावी. खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तेथे भरणी केलीच पाहिजे. न केल्यास पाय पडला की फरशी दबते, आवाज करते आणि काही महिन्यांत पट्ट्यांच्या खाचा तुटतात.

दुसरा रकाना दारांचा. कार्पेट आणि त्याखालचा फोम मिळून जाडी सुमारे दहा मिलिमीटर असेल आणि आठ मिलिमीटरची पट्टी दोन मिलिमीटरच्या फोमवर बसवली तर दाराला रंधा मारावा लागणार नाही. बारा मिलिमीटरची पट्टी घेतली तर दार नक्की घासणार. म्हणजे माल निवडतानाच या खर्चाचा निर्णय होतो. तिसरा रकाना स्कर्टिंगचा. लॅमिनेट पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून भिंतीपासून आठ ते दहा मिलिमीटर जागा चारही बाजूंनी मोकळी सोडावी लागते आणि ती झाकण्यासाठी स्कर्टिंग लागते. ती शोभेची वस्तू नाही. जागा न सोडता पट्टी भिंतीला भिडवली तर पहिल्याच पावसाळ्यात फरशी मधोमध उचलली जाते.

खोकी आणली की लगेच फोडून घालू नयेत. ज्या खोलीत माल लागायचा त्याच खोलीत ती ४८ तास आडवी ठेवावीत, म्हणजे माल तेथल्या हवेला सरावतो. सर्व खोकी एकाच लॉटची आहेत का तेही पाहावे. रंगाचा लॉट बदलला की एका ताग्याचे कापड दुसऱ्याला जुळत नाही, तसेच येथेही होते. काम झाल्यावर उरलेल्या पट्ट्या टाकून देऊ नयेत. पाच वर्षांनी तोच नमुना बाजारात मिळण्याची खात्री कोणीच देत नाही.

वर्षाने भागा

व्यापारी माणूस यंत्र घेताना नुसती किंमत पाहत नाही, ते किती वर्षे चालेल ते पाहतो. घराच्या फरशीलाही हाच नियम लावावा.

समजा, जुने कार्पेट काढून पुन्हा नवे कार्पेटच घातले. फोम आणि फिटिंग धरून ८० रुपये चौरस फुटाने २४,००० रुपये, आणि जुने काढण्याचे ४,००० रुपये येथेही लागतील. एकूण २८,००० रुपये. सात वर्षे टिकले तर वर्षाला ४,००० रुपये. पण ते वर्षातून दोनदा मशीनने धुवून घ्यावे लागेल. सहा रुपये फुटाने एका वेळचे १,८०० म्हणजे वर्षाचे ३,६०० रुपये. दोन्ही मिळून वर्षाला ७,६०० रुपये.

लॅमिनेटचे ७१,१४० रुपये. कोरडे राहून पंधरा वर्षे टिकले तर वर्षाला सुमारे ४,७४३ रुपये.

इंजिनिअर्ड पट्टी ३५० रुपयांची घेतली तर ३४० चौरस फुटांचे १,१९,००० रुपये. बाकीचे रकाने तेच, ३०,३४० रुपयांचे. मधे एकदा घासून पॉलिश करण्याचे ६० रुपये फुटाने १८,००० रुपये. एकूण १,६७,३४० रुपये. पंचवीस वर्षांनी भागले तर वर्षाला सुमारे ६,६९४ रुपये.

म्हणजे हातातून पहिल्या दिवशी सर्वांत कमी पैसे घेणारे कार्पेट वर्षाच्या हिशेबात सर्वांत महाग निघाले. लॅमिनेट स्वस्त निघाले. पण त्या हिशेबात एक अट आहे, 'कोरडे राहून'. तिसऱ्या वर्षी पाणी शिरून तेच लॅमिनेट फुगले तर वर्षाला २३,७१३ रुपये पडतात, आणि उखडण्याची मजुरी वेगळी. तेव्हा खरा प्रश्न भावाचा उरत नाही. या घरात ही फरशी कोरडी राहील का, हा प्रश्न उरतो.

पावसाळा आणि पाण्याची बादली

लॅमिनेट ज्या देशांतून आले तेथे फरशीवर बादली ओतून धुण्याची रीत नाही. आपल्याकडे शुक्रवारी नाही तर ईदच्या आधी घर धुतले जाते, आणि रोजचा पोछाही चांगला ओलाच असतो. लॅमिनेटवर फक्त घट्ट पिळलेला फडका चालतो. घरात काम करणाऱ्या बाईंना हे पहिल्याच दिवशी समजावून सांगितले पाहिजे, नाहीतर त्यांचा काही दोष नसताना बोलणी त्यांना खावी लागतात.

आपल्या घरांत दस्तरखान जमिनीवर अंथरला जातो. रमजानमध्ये इफ्तारला पंधरा-वीस माणसे बसतात, लहान मुले असतात, पाणी सांडते, शरबत सांडते. सांडले तसे लगेच पुसले तर काही बिघडत नाही. रात्रभर सांध्यावर राहिले तर कड फुगते आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. ज्या घरात हे सांभाळणे शक्य नाही त्यांनी एसपीसी पाहावी किंवा टाइलवरच राहावे. न्हाणीघराच्या उंबऱ्याजवळ आणि स्वयंपाकघरात लॅमिनेट नकोच.

तळमजल्याची गोष्ट याहून कठीण. रत्नागिरी, रायगडकडच्या जांभ्या दगडाच्या जुन्या घरांत जमिनीतून ओल वर येते. ओल आहे का ते पाहण्याचा साधा उपाय असा : दीड-दोन फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने बंद कराव्यात आणि एक दिवस-रात्र तसाच राहू द्यावा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा खालची जमीन काळवंडली तर लाकडाचा विचार सोडावा. या परीक्षेला दहा रुपये लागतात आणि सत्तर हजार वाचतात. ती पावसाळ्यात करावी. मे महिन्यातल्या कोरड्या जमिनीवर विश्वास ठेवू नये.

आणखी दोन गोष्टी. लॅमिनेट जमिनीला चिकटवलेले नसते, ते वर नुसते टेकलेले असते. त्यावर भिंतीला ठोकलेले जड कपाट उभे केले की तो भाग जखडतो आणि हालचाल दुसरीकडे फुटते. ठोकून बसवलेली कपाटे आधी लावावीत आणि फरशी त्यांच्यापर्यंत आणून थांबवावी. दुसरी गोष्ट आवाजाची. कार्पेट पावलांचा आवाज गिळते, लाकूड तो खाली पोचवते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी चांगल्या फोमचे चार पैसे जास्त द्यावेत. शेजाऱ्याची झोप हीसुद्धा खर्चाचीच बाब आहे.

कारागिराची मजुरी

आता जो विषय या पानाच्या वाचकांना सर्वांत जवळचा आहे त्याकडे येतो. वरच्या यादीत पट्ट्या घालण्याची मजुरी ६,००० रुपये आहे. दोन माणसे दोन दिवसांत हे काम करतात असे धरले तर माणशी रोज १,५०० रुपये पडतात. ऐकायला बरे वाटते. पण कार्पेट उचलणे, सोल्युशन खरवडणे, दारे तासणे ही कामे बोलीत नसतील आणि गिऱ्हाईक "एवढे करून द्या हो" म्हणाले, तर तिसरा दिवस जातो. तेच सहा हजार आता तीन दिवसांवर पसरतात आणि रोज एक हजारावर येतो. त्यातून रेल्वेचा पास, करवतीची पाती, काम नसलेले दिवस वजा करा. मुलाच्या शाळेची फी याच हजारातून जायची असते.

मग तो कारागीर काय करतो? तो माणूस वाईट नसतो, पण दिवस वाचवतो. भरणी पातळ करतो. प्लास्टिकचा कागद सांध्यावर चढवायचा तेथे नुसता जवळ ठेवतो. भिंतीजवळची मोकळी जागा कुठे दहा, कुठे दोन मिलिमीटर राहते. हे सगळे स्कर्टिंगखाली झाकले जाते आणि ऑगस्टमध्ये बाहेर येते. गिऱ्हाइकाने मजुरीत वाचवलेले दोन हजार फरशीच्या सत्तर हजारांवर उलटतात. कारागिराचे नाव त्या बिल्डिंगमधून कायमचे जाते. एका कामातला तोटा भरून निघतो, गेलेले नाव भरून निघत नाही.

यावर अनेक कारागीर जे म्हणतात ते मला माहीत आहे. "पुरा आकडा सांगितला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. तो छत्तीस हजार सांगतो, मी एकाहत्तर सांगू का?" ही अडचण खरी आहे. काही गिऱ्हाइके जातीलही. पण उपाय आकडा लपवण्यात नाही, यादी दाखवण्यात आहे. नऊ रकान्यांचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि सांगावे, "दुसऱ्याचा भाव याच नऊ रकान्यांत लिहून आणा." मग छत्तीस हजारवाल्याच्या कागदावर आठ रकाने रिकामे दिसतील. गिऱ्हाइकाला गुणाकार येतो, त्याला फक्त रकाने माहीत नसतात. शेवटच्या बिलाच्या वेळी दाराशी उभे राहून हुज्जत घालण्यापेक्षा पहिल्या दिवशीचे काही नकार परवडतात. शिवाय काही रकाने गिऱ्हाईक स्वतः करू शकते. सामान हलवणे, कार्पेट उचलणे हे घरातली तरुण मुले एका रविवारी करतील. ते त्यांच्याकडे सोपवावे आणि तेवढी रक्कम वजा करावी. त्यात दोघांचा मान राहतो.

पैसे देण्याची रीतही लिहून ठेवावी. माल आला की मालाचे, भरणी वाळली की काही भाग, काम संपल्यावर बाकी. आणि 'बाकी' म्हणजे त्याच संध्याकाळी. सहा हजारांच्या मजुरीतले दोन हजार 'पुढच्या आठवड्यात' वर टाकणारा व्यापारी स्वतःच्या उधारीसाठी मात्र रोज फोन करतो, हे शोभत नाही.

आधी एक कोपरा उचला

माझे शेवटचे मत काही लाकूडविक्रेत्यांना आवडणार नाही. खर्चाचा निर्णय घेण्याआधी कार्पेटचा एक कोपरा उचलून खाली काय आहे ते पाहावे. जुन्या इमारतींत खाली बहुधा मोझॅक, शहाबादी नाही तर कोटा निघतो. तो शाबूत असेल तर सोल्युशन काढून घासाई आणि पॉलिश करून घेता येते. कार्पेट काढण्याचे ४,००० आणि घासाईचे २५ रुपये फुटाने ७,५०० असे ११,५०० रुपयांत जमीन तयार होते. त्यावर बसण्याच्या जागेपुरती एक चांगली हातमागाची सतरंजी किंवा लहान गालिचा १५,००० रुपयांना घेतला तरी एकूण २६,५०० रुपये. मोझॅक तर पाण्याने धुता येतो आणि गालिचा उचलून गच्चीत झटकता येतो. दमेकऱ्याला नको असते ती भिंतीपर्यंत चिकटलेली धूळ. उन्हात टाकता येणाऱ्या सतरंजीचा प्रश्न वेगळा आहे. लाकूड थंडीत पायाला ऊब देते म्हणून लोक घेतात, पण मुंबई-कोकणात तशी थंडी किती दिवस असते याचा विचार ज्याने त्याने करावा.

यात कारागिराचेही हित आहे. भदोही आणि मिर्झापूरकडचे हजारो विणकर, त्यांत अन्सारी बिरादरीची कितीतरी कुटुंबे, हाताच्या गालिच्यावर जगतात. भदोहीच्या गालिच्याला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा दोन्ही सभागृहांसाठी भदोही-मिर्झापूरच्या सुमारे ९०० कारागिरांनी विणलेले गालिचे अंथरले गेले. सुमारे ३५,००० चौरस फूट, इंचाला इंच १२० गाठी. त्याच इमारतीत बांबूची फरशी त्रिपुराहून आली आणि सागवान नागपूरहून. म्हणजे तेथे कोणी 'गालिचा की लाकूड' असा वाद घातला नाही. जी वस्तू जेथे शोभते आणि टिकते तेथे ती वापरली. आपल्या तीनशे चौरस फुटांतही हे करता येते. सबंध घराला एकच माल लागला पाहिजे, हा नियम कोणी केला?

हप्त्यांविषयी दोन शब्द. काही दुकाने घराच्या कामासाठी 'बिनव्याजी हप्ते' देऊ करतात आणि व्याज टाळू पाहणारा आपला माणूस त्या शब्दाला भुलतो. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी चीजच अस्तित्वात नाही, आणि क्रेडिट कार्डाच्या अशा योजनांत व्याजाचा भाग पुष्कळदा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने लपवलेला असतो. तेव्हा दुकानदाराला एकच विचारावे, "आज रोख दिले तर किती?" रोखीचा आकडा आणि हप्त्यांची बेरीज यांत जो फरक निघेल तो कशाचा, हे ज्याचे त्याने ओळखावे. व्यापाऱ्याने तर आणखी एक पाहावे. हंगामाच्या तोंडावर माल भरायचा असताना गल्ल्यातले सत्तर हजार फरशीत घालू नयेत. कार्पेट आणखी सहा महिने थांबेल, सिझन थांबणार नाही.

थोडक्यात, घराचे काम काढताना तीन कागद तयार असावेत. एक, जमिनीच्या ओलाव्याची परीक्षा केल्याची तारीख आणि तिचा निकाल. दुसरा, नऊ रकान्यांची यादी, प्रत्येकापुढे रक्कम आणि करणाऱ्याचे नाव. तिसरा, मालाचे खरे नाव, जाडी, दर्जा आणि लॉट लिहिलेले बिल. हे तीन कागद मागणारे गिऱ्हाईक चिकट नसते आणि ते देणारा कारागीर महाग नसतो. फरशीच्या धंद्यातील बंधूंना माझी विनंती आहे की असा नऊ रकान्यांचा नमुना छापून घ्यावा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी हातात द्यावा. शंभर प्रतींना जो खर्च येईल तो एका वादात जाणाऱ्या मजुरीपेक्षा खचित कमी असेल.